काळा हॉलीहॉक: माळव्याच्या काळ्या मातीत सात फुटांचा दांडा

हॉलीहॉकचा दांडा चार फुटांवर थांबणार की सात फुटांवर जाणार, हे दिवाळीपर्यंत मातीखाली ठरून गेलेलं असतं. संक्रांतीनंतर दांडा निघाला की लोक खताची गोणी उघडतात, पण तोवर उशीर झालेला असतो. हे झाड सोटमुळाचं आहे. पहिल्या दोन महिन्यांत ते मूळ सरळ खाली गेलं, तर वर काय करायचं ते झाड आपलं आपण करतं. मूळ पिशवीत वळलं, लावताना दुखावलं किंवा चिकट मातीत अडकलं, तर पुढे कितीही सेवा करा, दांडा कमरेएवढाच राहतो. म्हणून या लेखात बी, पिशवी आणि वाफा यांनाच जास्त जागा दिली आहे.

इंदुरात याला गुलखैरा म्हणतात. शास्त्रीय नाव अल्सिया रोझिया. कूळ भेंडीचं, कापूस, अंबाडी, जास्वंद ही सगळी याची भावंडं. हे नातं लक्षात ठेवा, किडीच्या वेळी उपयोगी पडेल.

बी कुठलं घ्यायचं

गडद फुलाचा सर्वांत जुना आणि खात्रीचा वाण ‘नायग्रा’. फूल एकेरी, रंग जवळजवळ काळा, खरं तर जांभळट झाक असलेला अतिगडद मरून. उंची पाच ते सात फूट. ‘चेटर्स डबल’ मालिकेत गडद मरून रंग मिळतो, पण ते भरगच्च गोंड्यासारखं दुहेरी फूल असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळीची एखादी सर येतेच. दुहेरी फुलात पाणी साचतं, फूल आतून सडतं आणि त्या वजनाने दांडा वाकतो. काळा रंग हवा असेल तर एकेरी फूलच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाकळीवरची रेशमी चमकही एकेरी फुलातच दिसते.

पाकिटावर ‘मिक्स’ लिहिलं असेल तर त्यातून बहुतेक गुलाबीच निघेल. ‘मेजोरेट’ हा बुटका वाण आहे, दोन-अडीच फुटांचा. उंच दांड्याची आशा ठेवून तो आणू नका. दहा झाडं हवी असतील तर तीस बिया पुरतात.

पेरणीची तारीख

इंग्लंडात हे झाड दोन वर्षांचं असतं: पहिल्या वर्षी पानांचा घेर, थंडी सोसली की दुसऱ्या वर्षी दांडा. माळव्यात ती दोन वर्षं एका हिवाळ्यात बसवावी लागतात. थंडी पडण्याआधी पानांचा घेर चांगला परातीएवढा झाला पाहिजे, तरच संक्रांतीनंतर दिवस मोठा होत गेला की मधून दांडा उठतो. घेर लहान राहिला तर ‘नायग्रा’ कधी कधी नुसती पानं मिरवत बसतो आणि एप्रिलच्या उन्हात संपतो.

म्हणून पेरणी १० ते २५ ऑगस्ट. साधारण राखी ते गणपती अशी खूणगाठ बांधता येते, पण अधिक महिना आला की सण पुढे सरकतात, तेव्हा तारखेनेच चालावं. हे हुकलं तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात थेट वाफ्यात बी टाका. फूल मार्चअखेर येईल, उंची चार-पाच फूट मिळेल आणि रंग थोडा फिका असेल. गडद रंग ज्या द्रव्यामुळे येतो, ते अँथोसायनिन उष्णतेत कमी तयार होतं. एकाच झाडाचं फेब्रुवारीतलं फूल आणि एप्रिलमधलं फूल शेजारी ठेवून पाहिलं तर फरक लगेच कळतो: पहिलं शाईसारखं, दुसरं वांग्याच्या सालीसारखं. काळा रंग हवा तर लवकर फुलवा, लवकर फुलवायचं तर ऑगस्टमध्ये पेरा.

पिशवीतलं रोप

उथळ ट्रेमध्ये बी टाकून नंतर रोपं उपटून लावणं झेंडूला चालतं, याला चालत नाही. किमान आठ इंच खोलीची काळी पॉलिथिन पिशवी घ्या. घरात एक लिटरच्या दुधाच्या पिशव्या असतील तर त्या धुऊन, वरचं तोंड पूर्ण कापून आणि खालचे दोन्ही कोपरे कात्रीने छाटून वापरा. उंची बरोबर मिळते. पिशवीत एक भाग चाळलेली माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग चाळलेलं कंपोस्ट. या मिश्रणात किलोमागे पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा. ऑगस्टच्या दमट हवेत कोवळ्या रोपाचं देठ मातीच्या पातळीवर काळं पडून रोप आडवं होतं. ही मर एकदा लागली की दोन दिवसांत अर्ध्या पिशव्या रिकाम्या होतात आणि मग औषध मारून काही परत येत नाही.

बी चपटं, गोल, पिवळसर तपकिरी असतं. ते कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. तरंगणारं बी फोल समजून फेकू नका. कडेच्या कागदी पापुद्र्यामुळे चांगलं बीही तरंगतं. एका पिशवीत दोन बिया, एक सेंटिमीटर खोल. पाणी झारीने, तेही सकाळी. पिशव्या पावसात उघड्यावर ठेवू नका. ओट्यावर किंवा पत्र्याच्या कडेला, जिथे पाऊस लागत नाही पण चार तास ऊन येतं, अशा जागी ठेवा. सात ते चौदा दिवसांत उगवण होते. दोन्ही उगवली तर अशक्त रोप उपटायचं नाही, कात्रीने कापायचं. उपटलं की शेजारचं मूळ हलतं.

अंधाऱ्या व्हरांड्यात ठेवलेली रोपं लांबुडकी होतात. तशी झाली तर ती टाकून पुन्हा पेरा, वाचवण्यात वेळ घालवू नका.

वाफा: काळ्या मातीची अडचण

माळव्याची काळी कापसाची माती सकस आहे आणि तिचा किंचित अल्कधर्मी स्वभावही हॉलीहॉकला चालतो. अडचण दोन गोष्टींची: पावसात ती फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हात तडकते. पाणी साचलं की रोपाचा बुंधा सडतो, माती तडकली की बारीक मुळं तुटतात.

इथे एक चूक सर्रास होते. काळ्या मातीत दीड-दोन फुटांचा खड्डा खणून त्यात वाळू, खत, चांगली माती भरतात आणि रोप लावतात. चारी बाजूंनी चिकट माती आणि मधे भुसभुशीत भरण, म्हणजे जमिनीत पुरलेला हौदच झाला. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. त्यापेक्षा पूर्ण पट्टाच खोदा: दोन फूट रुंद, हवा तितका लांब, दीड फूट खोल. खाली मुरूम लागला तर उत्तम, तोपर्यंत खोदा, कारण मुरमातून पाणी निघून जातं. मुरूम लागला नाही तर तळाला चार इंच मुरूम आणून टाका आणि पट्ट्याचं एक टोक उताराकडे मोकळं ठेवा. मग काढलेल्या मातीत एक चतुर्थांश जाडी वाळू आणि एक चतुर्थांश कंपोस्ट मिसळून भरा. भरल्यावर वाफा अंगणाच्या पातळीपेक्षा आठ-नऊ इंच वर राहिला पाहिजे. हे काम गणपतीच्या सुमारास उघडीप मिळेल तेव्हा करा. ओली काळी माती तुडवू नका. तिचे ढेकूळ वाळले की विटेसारखे होतात.

दर झाडाच्या जागी दोन किलो कुजलेलं कंपोस्ट, शंभर ग्रॅम निंबोळी पेंड आणि पन्नास ग्रॅम हाडांचा चुरा. बस. युरिया अजिबात नाही. नत्र जास्त झालं की पान भेंडीसारखं रुंद आणि लुसलुशीत होतं, मावा त्यावर तुटून पडतो आणि दांडा पोकळ, मऊ राहतो.

कंपोस्टची पद्धत तर या गावाच्याच नावाने जगभर ओळखली जाते. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती बसवली. आपल्या अंगणापुरतं तिचं सार इतकंच: तीन भाग सुका पालापाचोळा, एक भाग शेण आणि ओला कचरा, वर मूठभर माती आणि चुलीची राख, असे थर. ढीग ओला पण निथळलेला ठेवायचा, तीनदा उलथायचा, सुमारे तीन महिन्यांत खत तयार. मे महिन्यात ढीग रचला तर ऑगस्टमध्ये पिशव्यांना आणि सप्टेंबरमध्ये वाफ्याला पुरतो. खत हातात घेऊन हुंगा: ओल्या जंगलाच्या मातीचा वास आला पाहिजे. अमोनियाचा झणका येत असेल तर अजून महिनाभर थांबा.

जागा आणि काळं फूल दिसणं

काळं फूल हिरव्या कुंपणापुढे दिसतच नाही. दहा फुटांवरून तिथे नुसतं भोक पडल्यासारखं वाटतं. इंदूरच्या रामबाग, नारायण बाग, लोकमान्यनगर इथल्या जुन्या घरांना चुना फासलेल्या किंवा पिवळट रंगाच्या भिंती असायच्या. काळ्या हॉलीहॉकला तशीच पाठ हवी. भिंतीपासून दीड फूट अंतर सोडून रांग लावा, म्हणजे हवा खेळते. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत सर्वांत चांगली: सकाळपासून दुपारी एकपर्यंत ऊन, नंतर सावली. पश्चिमेकडची भिंत मार्चमध्ये तव्यासारखी तापते आणि फुलं दुपारीच माना टाकतात.

दुसरी जागा बसायच्या ओट्याच्या पूर्वेला, मोकळ्यावर. सकाळी आठच्या सुमारास ऊन फुलाच्या मागून येतं तेव्हा काळी पाकळी पारदर्शक होते. कडेला माणकासारखा लाल रंग पेटतो, शिरा काळ्याच राहतात, मधे परागांचा फिकट पिवळा खांब उभा असतो आणि त्यावर मधमाशी पिठात लोळल्यासारखी पराग माखून फिरते. ऊन डोक्यावर आलं की तेच फूल पुन्हा काळं.

कॉटेज गार्डनचा थाट म्हणजे रांगा न आखता फुलं, औषधी आणि भाजी एकमेकांत मिसळलेली. त्यासाठी परदेशी बियांची पाकिटं लागतातच असं नाही. हॉलीहॉकच्या पुढे कोथिंबीर आणि शेपू पेरा आणि खुडणं थांबवून फुलायला सोडा. फेब्रुवारीत कोथिंबिरीची पांढरी आणि शेपूची पोपटी-पिवळी छत्र्यांसारखी फुलं काळ्या दांड्यांच्या पायाशी इतकी शोभतात की वेगळं काही लावायची गरज वाटत नाही. शिवाय या छत्र्यांवर लेडीबर्ड बीटल येतात आणि मावा खातात. त्याशिवाय पांढरा कँडिटफ्ट, फिका निळा लार्कस्पर, कडेला ऍलिसम. भेंडी, अंबाडी आणि जास्वंद मात्र दूर ठेवा.

लावणी आणि काठी

चार ते सहा खरी पानं आली की लावणी: २५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर, म्हणजे पावसाचा जोर ओसरल्यावर. पिशवीच्या तळातून पांढरं मूळ डोकावायला लागलं की एक दिवसही थांबू नका. ते तळाशी गोल फिरलं की पुढे जमिनीतही तसंच फिरत राहतं. पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गोळा तळहातावर घ्या, फोडू नका. तळाशी मूळ वळलेलं दिसलंच तर वळलेला शेंडा धारदार कात्रीने छाटा. वाकड्या मुळापेक्षा आखूड सरळ मूळ बरं. दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवा. बुंधा मातीत गाडू नका. पानं जिथून फुटतात तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. लावणी संध्याकाळी करा आणि पहिले चार दिवस दुपारी सुपाची किंवा गोणपाटाची सावली द्या.

काठी त्याच दिवशी रोवायची. सात फुटांचा बांबू, रोपापासून चार इंचांवर, दीड फूट खोल. फेब्रुवारीत दांडा वाकायला लागल्यावर बांबू ठोकला तर तो नेमका मुळातून जातो. बांधायला सुतळी घ्या, तार किंवा नायलॉन दोरी नको. सुतळीला बांबू आणि दांड्याच्या मधे एक पीळ द्या, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, म्हणजे दांडा काठीवर घासत नाही. दर फुटाला एक बंध, प्रत्येक बंधात बोट जाईल इतकी ढील. पानांना आणि दांड्याला टोचरी लव असते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

पाणी

लावणीनंतर पंधरा दिवस एक दिवसाआड. त्यानंतर हात आखडता घ्या. काळ्या मातीत आठवड्यातून एकदा, पण झाडामागे पूर्ण बादली, हळूहळू. रोज थोडं थोडं पाणी दिलं की मूळ वरच राहतं, खाली कशाला जाईल? खुरप्याने दोन इंच माती उकरा; आतली माती मुठीत दाबून लाडू वळला तर पाणी नको, भुगा झाला तर द्या. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुपारी पान थोडं मान टाकतं आणि संध्याकाळी सावरतं, तर घाबरू नका. दांडा हातभर झाला की दर चार दिवसांनी पाणी. तेव्हाच एकदा झाडामागे पाच ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश पाच लिटर पाण्यात विरघळवून द्या. पाणी नेहमी बुंध्याला, सकाळी. पानांवर कधीच नाही. वाफ्यावर दोन इंच सुक्या पानांचं आच्छादन घातलं तर भेगा पडत नाहीत, फक्त ते बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा.

बोअरच्या जड पाण्यावर पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पानावर पाणी नको या नियमाला अशा औषधी फवारण्या एवढाच अपवाद.

रोग आणि किडी

सर्वांत बदनाम रोग तांबेरा. पानाच्या वर पिवळे-नारिंगी ठिपके, पान उलटलं की खाली तपकिरी दाणेदार पुटकुळ्या, सुरुवात नेहमी खालच्या पानांपासून. हा बुरशीचा रोग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, १८७३ मध्ये इंग्लंडात पोचला आणि तिथल्या हॉलीहॉकची दैना करून गेला. त्याला गारवा आणि ओलं पान दोन्ही लागतं. आपल्याकडे गारवा आहे, पण हिवाळा कोरडा आहे. पान ओलं न करणं हाच निम्मा उपाय. डिसेंबरपासून जमिनीला टेकलेली पानं काढत राहा आणि ती पिशवीत बांधून बाहेर द्या, कंपोस्टात टाकू नका. ठिपके दिसताच पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा. दुपारचं तापमान ३२ अंशांवर गेलं की गंधक बंद, पान जळतं.

भेंडीवरचा केवडा, म्हणजे शिरा पिवळ्या पडून पानावर जाळी दिसणं, हॉलीहॉकलाही होतो. तो विषाणू पांढरी माशी आणते. याला औषध नाही. झाड उपटून टाका, बाकीची वाचतील. वाफ्यात पिवळी चिकट कार्डं टांगली तर माशी आधीच कळते. माव्यासाठी पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रवरूप साबण लिटरभर पाण्यात, शेंड्यावर आणि पानाखाली, संध्याकाळी. पान विडीसारखं गुंडाळलेलं दिसलं तर आत अळी आहे, पानासकट चिरडा. कापसावरचे लाल ढेकूण मार्चमध्ये शेंगांवर जमतात. खाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरून दांडा हलवा. पानं राखाडी आणि मागे बारीक जाळं असेल तर लाल कोळी. तो कोरड्या उन्हाळ्याचा सोबती आहे, फुलं संपत आली असतील तर झाड काढून मोकळे व्हा.

कुंडीत लावायचं असेल तर दीड फूट खोलीचा ड्रम किंवा ग्रो बॅग, एकात एकच झाड. चार-साडेचार फुटांची अपेक्षा ठेवा.

फुलं आणि बी

महाशिवरात्रीच्या आसपास खालची पहिली फुलं उघडतात आणि रंगपंचमीला दांडा भरात असतो. फुलणं खालून वर सरकत जातं, एक दांडा पाच-सहा आठवडे चालतो. मुख्य दांडा कापून बगलेचे फुटवे फुलवण्याचा सल्ला थंड मुलखात ठीक आहे. इथे तोवर एप्रिल लागतो, फुटवे मरतुकडे निघतात आणि बीही हातचं जातं. झाड पावसाळ्यात बहुधा सडतं, म्हणून दर वर्षी नवं पेरायचं.

काळ्याचं बी काळंच निघावं असं वाटत असेल तर शेजारी गुलाबी हॉलीहॉक नको. मधमाशी परागांची सरमिसळ करते आणि पुढच्या वर्षी मळकट मरून निघतो. शेजाऱ्याच्या अंगणात गुलाबी असेल तर सर्वांत गडद झाडाच्या दांड्याच्या मधल्या भागावर, कळ्या उघडण्याआधी, मलमलची पिशवी बांधा. या फुलात आधी पराग सुटतो आणि स्त्रीकेसर मागून बाहेर येतात, म्हणून पिशवीतल्या फुलांना हाताने मदत करा: ताज्या उघडलेल्या फुलाचा पराग मऊ कुंचल्याने घेऊन दोन दिवसांच्या फुलातल्या बारीक धाग्यांवर लावा, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास. फुलं गळाली की पिशवी काढून त्या दांड्याला रंगीत दोरा बांधून ठेवा.

साधारण महिन्याभरात शेंग वाळते. ती शेंग म्हणजे एक गोल चकती, बिया नाण्यांच्या चवडीसारख्या कडेला कडा लावून गोल बसलेल्या. बाहेरचा कोष तपकिरी होऊन उघडला आणि चकती बोटाने दाबताच सुटी झाली की बी तयार. हिरवट काढलेलं बी उगवत नाही. सावलीत पाच-सहा दिवस वाळवा, फोल निवडा, कागदी पाकिटात भरून पाकिट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, सोबत कडुनिंबाची चार सुकी पानं. पाकिटावर वाण, साल आणि पिशवी बांधली होती की नव्हती, हे तिन्ही लिहा. पेन्सिलीने, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत शाई पसरते आणि ऑगस्टमध्ये नेमकं तेच पाकीट वाचता येत नाही.